अधिक चिन्हाचे बटण

माळा आवरायला काढला की एखादी जुनी पिशवी हाती लागते आणि आवरणे तिथेच थांबते. आम्हाला मिळालेल्या पिशवीत एक टीव्ही गेमचा रिमोट होता. १९९०च्या दशकात आपल्याकडे शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही पुष्कळ घरांत हे यंत्र आले. टीव्हीला जोडायचे एक खोके, त्यात खोचायच्या ‘कॅसेट’ आणि वायरीने जोडलेले दोन रिमोट. खरे म्हणजे त्याला रिमोट म्हणणे चुकीचेच, कारण तो दुरून चालत नाही, त्याला शेपूट आहे. पण मुले त्याला रिमोट म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणू.

रिमोट पिवळा पडला होता. बटणांच्या कडेला काळा मळ साचला होता आणि डावीकडचे अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण उजव्या बाजूला दाबले तर काहीच होत नव्हते. मागच्या बाजूवर कोणीतरी कर्कटकाच्या टोकाने ‘१’ हा आकडा कोरला होता. हा रिमोट घरच्या घरी पुन्हा चालता करावा एवढाच आमचा बेत होता. पण तो उघडल्यावर जे प्रश्न पडले त्यांची उत्तरे शोधता शोधता आम्ही न्यूयॉर्कजवळच्या एका प्रयोगशाळेत आणि तिथून जपानमधल्या क्योतो शहरात जाऊन पोहोचलो. ती हकीकत इथे सांगतो. वर्गात एखादी वस्तू उघडून तिचा इतिहास कसा वाचता येतो, याचे उदाहरण म्हणून ती शिक्षकांच्या उपयोगी पडावी.

आत काय दिसले?

मागचे स्क्रू काढले की रिमोटचे दोन भाग सहज सुटतात. आत तीनच मुख्य गोष्टी असतात. वर प्लास्टिकची बटणे, त्यांच्याखाली मऊ रबराचे तुकडे आणि तळाशी तांब्याच्या रेघा असलेला सर्किट बोर्ड. रबराच्या प्रत्येक घुमटीच्या आतल्या बाजूला काळी गोळी चिकटलेली असते. ती कार्बन मिसळलेल्या रबराची असल्यामुळे तिच्यातून वीज वाहू शकते. बोर्डावर त्या गोळीच्या बरोबर खाली दोन कंगवे एकमेकांत घुसवावेत पण टेकू देऊ नयेत अशी नक्षी असते. बटण दाबले की गोळी दोन्ही कंगव्यांवर टेकते आणि परिपथ पूर्ण होतो. बोट उचलले की रबराची घुमटी आपोआप वर येते. धातूची स्प्रिंग नाही, सरकणारा भाग नाही, सुटा संपर्कही नाही. टीव्हीच्या साध्या रिमोटमध्ये आणि कित्येक कॅलक्युलेटरमध्ये हीच रचना असते.

बोर्डाच्या मध्यभागी डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा होता. त्याच्याखाली सिलिकॉनची चकती दडलेली असते. चकतीला नेहमीचे प्लास्टिकचे कवच आणि पाय न देता ती थेट बोर्डावर बसवायची आणि वर रेझिनचा थेंब टाकायचा, ही खर्च वाचवण्याची रीत आहे. बोर्डातून पाच वायरी बाहेर पडत होत्या. बटणे मात्र त्याहून जास्त होती. इथेच आमचा पहिला प्रश्न उभा राहिला: पाच वायरींतून एवढ्या बटणांची खबर खोक्यापर्यंत जाते कशी?

आधी चकत्या, मग दांडा

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जाऊ. पडद्यावरचा खेळ हाताने खेळण्यासाठी वेगळी पेटी बनवण्याचे एक फार जुने उदाहरण १९५८ सालचे आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ ब्रुकहेवन नॅशनल लॅबोरेटरी ही संशोधन संस्था आहे. तिथे पाहुण्यांसाठी वर्षातून काही दिवस प्रयोगशाळा खुली ठेवत. पाहुण्यांना नुसते तक्ते दाखवण्याऐवजी हाताळता येईल असे काहीतरी ठेवावे, असे विल्यम हिगिनबोथम या भौतिकशास्त्रज्ञाला वाटले. त्याने एका अॅनालॉग संगणकाला ऑसिलोस्कोप जोडून पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. तो प्रत्यक्ष उभारला तंत्रज्ञ रॉबर्ट द्वोराक यांनी. खेळणाऱ्याच्या हातात धातूची एक छोटी पेटी असे. तिच्यावर कोन ठरवायची चकती आणि चेंडू मारायचे बटण होते. हाच हिगिनबोथम दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामोसला अणुबाँबच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करीत होता आणि पुढे अण्वस्त्रांच्या प्रसाराविरुद्ध बोलणाऱ्या शास्त्रज्ञांत तो आघाडीवर होता. खेळाचे पेटंट त्याने घेतले नाही. प्रदर्शन संपले, यंत्र मोडले आणि सुटे भाग दुसऱ्या कामांना लागले. १९९७ साली संस्थेच्या पन्नाशीनिमित्त तो खेळ पुन्हा उभारण्यात आला. आमच्या माळ्यावरच्या दुरुस्तीची ही थोरली बहीणच म्हणायची.

दुसरे उदाहरण १९६२ सालचे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत पीडीपी-१ नावाच्या संगणकावर स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी दोन अवकाशयानांच्या लढाईचा ‘स्पेसवॉर’ हा खेळ लिहिला. सुरुवातीला तो संगणकाच्याच पाटीवरच्या खटक्यांनी खेळावा लागे. कोपरे अवघडत, शिवाय एका खेळाडूला पडदा नीट दिसे आणि दुसऱ्याला दिसत नसे. तेव्हा अॅलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स यांनी संस्थेच्या मॉडेल रेल्वे क्लबातले सुटे भाग घेऊन दोन स्वतंत्र पेट्या बनवल्या. म्हणजे ही वस्तू जन्माला आली ती खेळणाऱ्यांच्या हाताला आणि मानेला त्रास होत होता म्हणून.

घरच्या टीव्हीवर खेळ आणण्याची कल्पना राल्फ बेअर या अभियंत्याने १९६६ साली कागदावर उतरवली. त्यातून १९७२ साली मॅग्नाव्हॉक्स कंपनीचे ‘ओडिसी’ हे यंत्र बाजारात आले. त्याच्याही पेट्यांवर फिरवायच्या चकत्याच होत्या. रेडिओचा आवाज कमीजास्त करायला जो बदलता रोधक वापरतात, तोच इथे पडद्यावरचा ठिपका वरखाली नेत असे.

मग दांडा आला. अटारी कंपनीच्या १९७७ सालच्या घरगुती यंत्राबरोबर मिळणारी जॉयस्टिक म्हणजे चौकोनी तळ, मध्ये काळा दांडा आणि कोपऱ्यात एक लाल बटण. आत पाच खटके होते, चार दिशांचे चार आणि गोळी झाडायचा एक. प्रत्येक खटक्याला स्वतःची वायर आणि सगळ्यांत मिळून एक परतीची, अशा सहा वायरी. हिशेब सरळ होता: जितके खटके तितक्या वायरी, अधिक एक. या जॉयस्टिकचे नऊ पिनांचे प्लग पुढे इतके रुळले की इतर कित्येकांनी तेच वापरले. आमच्या रिमोटच्या शेपटीलाही नऊ पिनांचेच प्लग आहे. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, पण आतली जोडणी वेगळी. रूप एकाकडून आणि काम दुसऱ्याकडून घेतलेले, असे आमच्या हातातल्या वस्तूत पुढेही पुष्कळ सापडले.

क्योतोमधली युक्ती

आमचा रिमोट ज्या यंत्राची नक्कल आहे ते जपानच्या निन्तेन्दो कंपनीचे ‘फॅमिली कॉम्प्युटर’, म्हणजेच लोकांच्या तोंडी ‘फॅमिकॉम’. १८८९ साली क्योतोमध्ये ही कंपनी सुरू झाली ती हानाफुदा नावाचे जपानी पत्ते तयार करण्यासाठी. १९६५ साली गुनपेई योकोई हा तरुण अभियंता तिथे नोकरीला लागला. त्याचे काम पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्याचे. फावल्या वेळात त्याने लांब होणारा, टोकाला चिमटा असलेला लाकडी हात बनवला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या तो नजरेस पडला आणि १९६६ साली तो खेळणे म्हणून बाजारात आला. त्याचा खप दहा लाखांवर गेला आणि योकोई खेळण्यांच्या विभागात गेला.

योकोईचे एक तत्त्व होते. त्याचा आशय असा: जे तंत्र जुने होऊन स्वस्त झाले आहे, ज्याचे गुणदोष सगळ्यांना ठाऊक झाले आहेत, ते घ्या आणि त्याचा वेगळ्याच ठिकाणी उपयोग करा. अशा तंत्राला तो ‘वाळलेले’ तंत्र म्हणत असे. १९८० साली त्याने कॅलक्युलेटरच्या द्रवस्फटिक पडद्यावर चालणारे खिशातले खेळ काढले. आगगाडीत एक प्रवासी कंटाळा घालवण्यासाठी कॅलक्युलेटरची बटणे दाबत बसला होता, त्याला पाहून ही कल्पना सुचली असे त्याने सांगितले आहे.

१९८२ साली या मालिकेत ‘डाँकी काँग’ हा खेळ आणायचा होता. मूळ खेळ दुकानांत ठेवलेल्या मोठ्या यंत्रावर दांड्याने खेळत असत. खिशातले खेळणे मात्र पुस्तकासारखे मिटणारे होते. दांडा ठेवला तर ते मिटणार कसे? चार दिशांना चार सुटी बटणे ठेवली तर अंगठा त्यांवर चाचपडत राहतो आणि नजर पडद्यावरून हलते. यावर जो उपाय निघाला तो म्हणजे अधिक चिन्हाच्या आकाराचे एकच सपाट बटण. चारही बाहू एका तुकड्याचे, मध्ये टेकू आणि चार टोकांखाली चार रबरी संपर्क. अंगठा मधोमध ठेवला की न पाहताही चारही दिशा कळतात.

मधला टेकू महत्त्वाचा आहे. बटण लहान मुलांच्या सीसॉसारखे डोलते. एक टोक खाली गेले की समोरचे वर जाते. त्यामुळे डावे आणि उजवे एकाच वेळी दाबले जात नाही, वर आणि उजवे मात्र जाते. टेकू झिजला किंवा मुळातच बुटका असला तर चारही टोके एकदम दबतात आणि पडद्यावरचा गडी गोंधळतो. ‘हा रिमोट खराब आहे’ अशी मुलांची तक्रार असे, तिचे एक कारण हे.

फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आले, किंमत १४,८०० येन. त्याची रचना मासायुकी उएमुरा यांच्या चमूने केली. दांडा की अधिक चिन्ह हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. घरात जमिनीवर पडलेल्या दांड्यावर एखाद्या मुलाचा पाय पडला तर काय, ही काळजी होती. त्यांनी खिशातल्या खेळण्याचे अधिक चिन्ह आपल्या नमुन्याला जोडून पाहिले आणि ते अंगठ्याला मानवले. सुरुवातीच्या रिमोटची दोन बटणे चौकोनी आणि रबरी होती. ती कडेने दाबली की अडकून बसत, म्हणून लवकरच त्यांच्या जागी गोल प्लास्टिकची बटणे आली. आपल्या हातातल्या गोल बटणालाही असा एक चुकीचा पूर्वज आहे.

पाच वायरी, आठ बटणे

आता मघाचा प्रश्न. फॅमिकॉमच्या रिमोटवर चार दिशा, ‘ए’, ‘बी’, ‘सिलेक्ट’ आणि ‘स्टार्ट’ अशी आठ कामे आहेत. अटारीच्या हिशेबाने नऊ वायरी लागल्या असत्या. इथे पाचच आहेत आणि त्यांतल्या दोन वीजपुरवठ्याच्या. आठ बटणांची खबर उरलेल्या तीन वायरींवरच जाते.

मूळ रिमोटमध्ये यासाठी ४०२१ क्रमांकाची चिप असते. अशा चिपला शिफ्ट रजिस्टर म्हणतात. आरसीए या अमेरिकन कंपनीने १९६८ पासून बाजारात आणलेल्या ४००० मालिकेतल्या चिपांपैकी ती एक. १९८३ साली ती नवलाची राहिली नव्हती. तीही वाळलेलेच तंत्र.

ती काय करते हे वर्गात करून दाखवता येते. आठ मुलांना एका रांगेत उभे करा आणि प्रत्येकाच्या हातात पाटी द्या. प्रत्येक मूल म्हणजे एक बटण. कोणी दाबलेले राहायचे आणि कोणी न दाबलेले, हे ज्याने त्याने मनाशी ठरवायचे. शिक्षकांनी ‘धरा!’ म्हणताच दाबलेल्यांनी पाटीवर ० लिहायचे आणि बाकीच्यांनी १. यानंतर कोणाचे मन बदलले तरी पाटी बदलायची नाही. रांगेच्या टोकाला एक लेखनिक बसवा. पहिल्या मुलाची पाटी त्याला लगेच दिसते, ती त्याने उतरवून घ्यायची. मग शिक्षकांनी टाळी वाजवली की प्रत्येकाने आपली पाटी टोकाच्या दिशेने शेजाऱ्याकडे द्यायची. लेखनिकाला दुसरी पाटी दिसेल. अशा सात टाळ्यांत आठही बटणांची स्थिती वहीत उतरते.

‘धरा’ ही एक वायर, टाळी ही दुसरी आणि लेखनिकाला दिसणारी पाटी ही तिसरी. आपल्याकडच्या टीव्हीच्या पॅल पद्धतीसाठी बनवलेले असे यंत्र सेकंदाला ५० चित्रे दाखवते. खेळाचे यंत्र साधारण प्रत्येक चित्रामागे एकदा ही सगळी कवायत करून घेते आणि तिला एका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही वेळ लागत नाही. मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा: एखाद्याने दोन ‘धरा’च्या मध्येच बटण दाबून सोडले तर? ते यंत्राला कधीच कळणार नाही. मोजमाप करणाऱ्या कोणत्याही साधनाला हा प्रश्न लागू पडतो. दिवसातून दोनदाच तापमान नोंदवले तर मधला चढउतार हाती लागत नाही, तसेच हे.

दुरुस्ती, आणि एक चूक

उजवी दिशा का चालत नव्हती ते शोधायला आम्ही मल्टिमीटर घेतला. चारही दिशांच्या गोळ्या बोर्डावर दाबून रोध मोजला. तीन गोळ्यांचा रोध काहीशे ओहमच्या आत आला. उजवीकडच्या गोळीचा मात्र हजारांत, तोही प्रत्येक वेळी वेगळा. बोर्डावर प्रत्येक संपर्काला एका मोठ्या रोधकातून व्होल्टेज मिळत असते. गोळी नीट टेकली की ते जवळजवळ शून्यावर उतरते आणि चिपला ‘दाबले’ असे समजते. गोळीचाच रोध वाढला तर व्होल्टेज पुरेसे उतरत नाही आणि चिपच्या लेखी बटण न दाबल्यासारखेच राहते. सर्वांत जास्त झिजली होती ती उजवी. बऱ्याच खेळांत गडी डावीकडून उजवीकडे धावतो, हे लक्षात घेतले तर यात नवल नाही.

बोर्डावरचा मळ आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसला. रबराचे तुकडे साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवले. झिजलेल्या गोळीवर मऊ शिसाची पेन्सिल घासून पाहिली. ग्रॅफाइटमुळे काम झाले, पण थोडेच दिवस. मग एका बाद झालेल्या टीव्ही रिमोटमधली चांगली गोळी ब्लेडने पातळ कापून सिलिकॉनच्या गोंदाने जुन्या जागी बसवली. ती अजून टिकून आहे.

वायरही प्लगजवळ आतून तुटलेली निघाली. वायर वाकते तिथेच बहुतेक वेळा तुटते. तुटका भाग कापून आम्ही ती पुन्हा सोल्डर केली. नक्कल केलेल्या रिमोटमध्ये वायरींच्या रंगांना ठरलेला अर्थ नसतो, म्हणून कापण्याआधी कोणता रंग कुठे जोडला आहे ते कागदावर काढून ठेवावे. सोल्डरिंग मोठ्या माणसाने आणि खिडकी उघडी ठेवून करावे.

आता आमची चूक. पुढच्या भागावर जुन्या चिकटपट्टीचा गोंद राहिला होता. तो निघेना, तेव्हा घाईने नखांचे पॉलिश काढायचे द्रावण लावले. त्यात अॅसिटोन होते. अशी खोकी बहुधा एबीएस किंवा पॉलिस्टायरिन या प्लास्टिकची असतात आणि अॅसिटोन या दोघांनाही विरघळवते. गोंद निघाला, पण त्याबरोबर चकाकीही गेली आणि बोटाचा ठसा कायमचा उमटला. वीस वर्षे माळ्यावर पडून जे बिघडले नव्हते ते आम्ही अर्ध्या मिनिटात बिघडवले. कोणतेही द्रावण आधी आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून पाहावे, हा नियम आम्हाला ठाऊक होता. ठाऊक असणे आणि पाळणे यांत अंतर असते.

पिवळेपणाचे काय करावे?

शेवटी प्रश्न उरला रंगाचा. एबीएसमध्ये ब्युटाडाइन नावाचा रबरासारखा घटक असतो. त्याच्या रेणूंतल्या दुहेरी बंधांवर ऑक्सिजनची क्रिया होते, अतिनील किरण आणि उष्णता तिला वेग देतात, आणि पृष्ठभागावर पिवळसर दिसणारे पदार्थ तयार होतात. आगरोधक म्हणून मिसळलेल्या ब्रोमीनच्या संयुगांचाही यात हात असल्याचे सांगतात. उजेड हे एकच कारण नव्हे, बंद खोक्यात ठेवलेल्या वस्तूही पिवळ्या पडतात.

२००८ साली जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींनी यावर एक उपाय काढला: हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप लावायचा आणि अतिनील प्रकाशात ठेवायचे. पांढरा रंग खरोखर परत येतो. पण तो सगळीकडे सारखा येईलच असे नाही, कधी पट्टे उठतात आणि काही काळाने पिवळेपणा पुन्हा डोकावतो. रंग बदलला तरी प्लास्टिकचे तुटलेले रेणू काही पूर्ववत होत नाहीत. शिवाय तीव्र पेरॉक्साइड कातडी आणि डोळ्यांना घातक असते, त्यामुळे हा प्रयोग वर्गात करण्याजोगा नाही.

आम्ही लेप लावला नाही. मळ काढला, कारण मळामुळे बटण अडत होते. पिवळेपणाने काहीच अडत नव्हते. रिमोट उघडला तेव्हा आतली बाजू अजून पांढरी असलेली दिसली. बाहेर पिवळा आणि आत पांढरा, असा हा तुकडा हातात घेऊन मुलांना ऑक्सिडीकरण समजावता येते. पांढरा केला असता तर रिमोट नवा दिसला असता आणि सांगण्याजोगी एक गोष्ट कमी झाली असती. संग्रहालयांत दुरुस्ती करणारे लोक शक्यतो मागे घेता येईल असाच बदल करतात. अॅसिटोनचा ठसा मागे घेता येत नाही, हे आम्ही शिकलोच होतो.

पाठीवरचा ‘१’ही तसाच ठेवला. त्याचा अर्थ मात्र उशिरा लागला. मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटवर ‘स्टार्ट’ आणि ‘सिलेक्ट’ ही बटणे नव्हती. त्याऐवजी त्यावर एक छोटा मायक्रोफोन होता. आपल्याकडे आलेल्या अनेक नकलांत दुसऱ्या रिमोटवर ती दोन बटणे नसतात, आणि मायक्रोफोनही नसतो. मायक्रोफोन गळून गेला, त्याच्यासाठी मोकळी केलेली जागा तेवढी नकलांत उतरली. माणसाच्या माकडहाडासारखेच हे. ज्याच्याकडे पहिला रिमोट त्याच्याच हाती खेळ सुरू करणे आणि थांबवणे. भावंडांत त्यावरून भांडण होणारच, आणि ते मिटवायला कोणीतरी कर्कटक उचलले असणार.

शोध कोणाचा?

हे सगळे वर्गात सांगितले की मुले विचारतात, ‘मग अधिक चिन्हाच्या बटणाचा शोध कोणी लावला?’ बहुतेक ठिकाणी एका शब्दात उत्तर मिळते, गुनपेई योकोई. १९८२ सालचे खेळणे त्याच्या देखरेखीखाली झाले, त्यामुळे हे श्रेय निराधार नाही. पण निन्तेन्दोने १९८५ साली अर्ज केलेले आणि १९८७ साली मंजूर झालेले अनेक दिशांच्या खटक्याचे अमेरिकन पेटंट काढून पाहिले तर त्यावर शोधक म्हणून इचिरो शिराई हे नाव आहे. चार दिशा एका सपाट कळीत आणण्याचे प्रयत्न इतर कंपन्यांनीही आधी केले होते. मॅटेल कंपनीच्या ‘इंटेलिव्हिजन’ या यंत्राला १९८० सालीच दांड्याऐवजी अंगठ्याने दाबायची गोल चकती होती. खालची कार्बनची गोळी कॅलक्युलेटरवाल्यांची आणि शिफ्ट रजिस्टर चिपवाल्यांचे. उएमुरांच्या चमूने हे सगळे एका स्वस्त, पायाखाली आले तरी टिकणाऱ्या वस्तूत एकत्र बसवले. आणि ज्यांनी या वस्तूची नक्कल करून, चिपच्या जागी काळा थेंब टाकून, तिची किंमत आपल्या मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आणली त्यांची नावे कुठेच नाहीत. मूळ कंपनीची परवानगी न घेता केलेल्या नकलेचे समर्थन आम्ही करीत नाही. पण आपल्या मुलांच्या हाती जे आले ते तिच्यामुळे आले, हे सांगितले नाही तर इतिहास अर्धाच राहील.

‘शोध आणि शोधक’ अशा जोड्या लावायचा प्रश्न आपल्या परीक्षांत हमखास असतो. डावीकडे वस्तू, उजवीकडे नाव, मध्ये एक रेघ. आमचा रिमोट त्या प्रश्नात बसत नाही. बसवायचाच झाला तर एका वस्तूपासून सातआठ रेघा काढाव्या लागतील आणि त्यांतल्या एकदोन रेघांच्या दुसऱ्या टोकाला नावच नसेल. वाफेचे इंजिन घ्या किंवा विजेचा दिवा, बहुतेक वस्तूंचे असेच असते. ते तोंडी सांगून मुलांना पटत नाही. वस्तू उघडून, एकेक भाग बाहेर काढून, ‘हा कुठून आला?’ असे विचारत गेले तर पटते.

पुढच्या महिन्यात मुलांना घरातला बंद पडलेला एखादा टीव्ही रिमोट आणायला सांगावे. बॅटरी काढून तो उघडावा, कार्बनच्या गोळ्यांचा रोध मोजावा आणि सर्वांत झिजलेले बटण कोणते ते पाहावे. त्यावरून त्या घरात काय पाहिले जात होते याचा अंदाज मुले बांधतील. तो बरोबर की चूक, हे रिमोट आणणाऱ्या मुलाला विचारून लगेच पडताळता येईल.